लहानग्यांची इंग्रजी आणि घरची मराठी

गेल्या वर्षी जून महिन्यात आमच्या पाच वर्षांच्या नातवाच्या शाळेतून पालकांना एक सूचना आली. घरातही मुलाशी इंग्रजीतूनच बोलावे, म्हणजे त्याची प्रगती त्वरेने होईल, असा तिचा आशय होता. आम्ही स्वतः पंचवीस वर्षे इंग्रजी शिकवून निवृत्त झालेलो. वस्तुतः त्याच वेळी आम्ही दोन शब्द बोलावयास हवे होते. पण ‘शाळा सांगते आहे, तर करून पाहावे’ असे म्हणून आम्हीही मान डोलावली.

दुसऱ्या दिवसापासून घरात ‘ड्रिंक मिल्क’, ‘वॉश हँड्स’, ‘कम फास्ट’ सुरू झाले. चिरंजीव आणि सूनबाई दिवसभराच्या कामाने थकून येत. त्यांच्याजवळची इंग्रजी कचेरीची, लेकराशी बोलण्याची नव्हे. त्यामुळे बोलणे आपोआप आज्ञांपुरते उरले. आमच्या सौभाग्यवतींना इंग्रजी येत नाही. नातवाला बिघडवल्याचा दोष नको म्हणून त्या त्याच्याशी बेताचेच बोलू लागल्या. पूर्वी शाळेतून आल्यावर कोणी कोणाला ढकलले, पतंग कडुनिंबात कसा अडकला, हे सारे तो हातवारे करून सांगे. दोन महिन्यांनी आमच्या ध्यानात आले, की ‘आज काय झाले?’ या प्रश्नाला आता एकच उत्तर येते : ‘गुड’. इंग्रजी फारशी वाढली नव्हती. बोलणे मात्र आटले होते.

हा अनुभव आमच्या एकट्याचा नसावा. बडोद्यात काय, इंदूर-हैदराबादेत काय, आपल्या घरांतील मुले तीन-चार भाषांच्या संगमावर वाढतात. आमच्या गुजरातेत २०२३ च्या कायद्याने पहिली ते आठवीपर्यंत सर्व शाळांत गुजराती सक्तीची झाली, आणि ते योग्यच आहे. ज्या भूमीचे अन्न खातो तिची भाषा आलीच पाहिजे. हिंदी दूरदर्शनच्या पडद्यावरून येते, इंग्रजी शाळेच्या दारातून. राहिली मराठी. तिला घराशिवाय दुसरे घर नाही. म्हणूनच लहान मुलांना इंग्रजी कशी शिकवावी हा प्रश्न आपल्यापुरता निव्वळ शाळेचा राहत नाही. त्याला जोडूनच आजी-नातवाच्या बोलण्याचा प्रश्न येतो.

आम्हांला येथे एवढेच सांगावयाचे आहे, की हे दोन प्रश्न परस्परविरोधी नाहीत. लहान मुलाला इंग्रजी उत्तम रीतीने यावी असे वाटत असेल, तर तिचा रस्ता घरच्या भाषेतूनच जातो.

पाया कोणता?

कॅनडातील भाषाशिक्षणतज्ज्ञ जिम कमिन्स यांनी १९७९ पासून एक महत्त्वाचा भेद मांडला. खेळण्याबोलण्याची भाषा वेगळी आणि पुस्तकातील विषय समजून घेण्याची भाषा वेगळी. परमुलखातून आलेल्या मुलांना पहिली भाषा साधारण दोन वर्षांत येते. दुसरी यावयास मात्र पाच ते सात वर्षे लागतात, असे त्यांना आढळले. तेथे तर मुलाच्या चोहोबाजूंनी इंग्रजीच होती! आपल्याकडे शाळेच्या फाटकाबाहेर पाऊल टाकले की ती संपते. तेव्हा सहा महिन्यांत मूल ‘फाडफाड’ बोलेल ही अपेक्षाच चुकीची.

कमिन्स यांचे दुसरे म्हणणे अधिक मोलाचे आहे. एका भाषेत पक्की झालेली समज दुसऱ्या भाषेत नव्याने मिळवावी लागत नाही. तिला फक्त नवे नाव द्यावे लागते. आपल्या स्वयंपाकघरातलेच उदाहरण घेऊ. ज्या मुलाने ‘चतकोर भाकरी’ मागून खाल्ली आहे, अर्धी, पाऊण, दीड, अडीच हे शब्द ज्याच्या कानावरून रोज गेले आहेत, त्याला ‘क्वार्टर’ म्हणजे काय हे सांगावयास एक क्षण पुरतो. ज्याला चतकोरच ठाऊक नाही, त्याला शब्दही शिकावा लागतो आणि कल्पनाही, तीही परक्या भाषेत. गच्चीवरचे ओले कपडे उन्हात वाळले, तर त्यातले पाणी गेले कोठे, यावर आजीशी वाद घातलेल्या मुलाला पुढे ‘इव्हॅपोरेशन’ हा शब्द जड जात नाही.

याची उलट बाजूही नोंदली गेली आहे. अमेरिकेतील स्थलांतरित कुटुंबांविषयी लिली वाँग फिलमोर यांनी १९९१ साली लिहिले. अगदी कोवळ्या वयात मुले इंग्रजी बालवाडीत गेली, की घरची भाषा सोडू लागतात. आणि ज्या आईबापांना इंग्रजी येत नाही, त्यांना पुढे आपल्याच मुलांशी मनातले बोलता येईनासे होते. हे वाचताना आम्हांला आमच्या घरातले ते ‘गुड’ आठवल्यावाचून राहिले नाही. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत शिक्षण घरच्या किंवा स्थानिक भाषेतून व्हावे असे म्हटले आहे. मुलाला कोणत्या माध्यमात घालावे, हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण इंग्रजी माध्यमात घातले म्हणून घरातली मराठी बंद करावी, याला मात्र शास्त्राचा आधार नाही.

आणि शास्त्राकडे तरी कशाला जावे? आमच्या बडोद्याचेच उदाहरण आहे. १८७५ साली नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याहून बारा वर्षांचा एक मुलगा येथे दत्तक आला. त्याला लिहितावाचता येत नव्हते. पुढील सहा वर्षांत त्याच्या शिक्षणात मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी अशा चारही भाषा होत्या. इंग्रजीसाठी एलियट नावाचे शिक्षक होते. एकीला आत घ्यावयाची म्हणून दुसरीला कोणी बाहेर काढले नाही. त्याच मुलाने, महाराज सयाजीरावांनी, १९०६ साली साऱ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले.

आधी कान, मग जीभ

आता प्रत्यक्ष पद्धतीकडे वळू. तान्हे मूल वर्षभर ऐकते, मग पहिला शब्द बोलते. त्या वर्षात त्याला कोणी ‘बोल, बोल’ म्हणून दरडावत नाही. दुसऱ्या भाषेलाही असाच मौनाचा काळ लागतो. कोणाला काही आठवडे, कोणाला काही महिने. या काळात मूल गप्प असले तरी रिकामे नसते. त्याला पाहुण्यांपुढे उभे करून ‘काकांना इंग्रजीत सांग पाहू’ म्हणणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

या मौनाचा उपयोग कसा करावा? कॅलिफोर्नियातील मानसशास्त्रज्ञ जेम्स अ‍ॅशर यांनी १९६० च्या दशकात एक साधी युक्ती पुढे आणली. शिकणाऱ्याने बोलावयाचे नाही. ऐकावयाचे आणि तसे करावयाचे. ‘स्टँड अप’, ‘टर्न अराउंड’, ‘टच द डोअर’ असे आपण म्हणतो, स्वतः करून दाखवतो, मूल करते. शब्दाचा अर्थ भाषांतरातून नव्हे, हातापायांतून आत जातो. चार दिवसांनी भूमिका बदलाव्या : मुलाने हुकूम सोडावा आणि वडीलधाऱ्यांनी तो पाळावा. आमच्या नातवाने पहिल्याच संध्याकाळी आम्हांला ‘सिट डाउन, स्टँड अप’ असे अकरा वेळा करावयास लावले. आमच्या गुडघ्यांनी तक्रार केली. परंतु त्याच्या तोंडून त्या वर्षात प्रथमच न विचारता इंग्रजी बाहेर पडली होती.

दुसरी गोष्ट, मुलाला इंग्रजी अगदीच येत नाही असे समजू नये. टेबल, बस, पेन, ब्रश, टॉवेल, बिस्कीट, फॅन, बॅट, बॉल, कप, प्लेट असे शेकडो शब्द मराठी घरात जन्मापासून कानी पडतात. एका रविवारी घरभर फिरून ते गोळा करावेत. आमच्या नातवाला ऐंशीपेक्षा अधिक सापडले, आणि आपल्याला एवढी इंग्रजी येते हे पाहून त्याची छाती फुगली. हेच शब्द घेऊन पुढचे वाक्य बांधावे.

ओळखीची गोष्ट, अनोळखी भाषा

लहान मुलांच्या शिक्षणात गोष्टीचे स्थान काय, हे गुजरातेत राहणाऱ्या मराठी माणसाला निराळे सांगावयास नको. भावनगरच्या गिजुभाई बधेकांच्या ‘दिवास्वप्न’ या पुस्तकातील शिक्षक वर्गाला आपलेसे करतो ते गोष्ट सांगून. त्या भावनगरात गिजुभाईंच्या खांद्याला खांदा लावून काम केले ते आपल्या ताराबाई मोडकांनी. पुढे बोर्डी आणि कोसबाड येथे अनुताई वाघांना बरोबर घेऊन त्यांनी पाने, फुले, शिंपले, खडे हीच शिक्षणाची साधने केली. महागडी साधने नसतील तर बालशिक्षण अडत नाही, मुलाच्या ओळखीच्या वस्तूंपासून आरंभ करावा, हा त्यांचा धडा इंग्रजीलाही तंतोतंत लागू पडतो.

म्हणून इंग्रजीची पहिली गोष्ट परक्या देशातील नको. चिमणीचे घर मेणाचे, कावळ्याचे घर शेणाचे. पाऊस आला आणि कावळा दार ठोठावू लागला, ही गोष्ट मुलाला पाठ असते. ती प्रथम आजीने मराठीत सांगावी, नेहमीसारखी, सावकाश, सगळ्या आवाजांसह. दुसऱ्या दिवशी आई किंवा बाबांनी तीच इंग्रजीत सांगावी : स्पॅरो, क्रो, हाउस, रेन, डोअर, ओपन. पुढे काय होणार हे मुलाला ठाऊक असल्याने त्याचे सारे लक्ष शब्दांकडे जाते. या गोष्टीत तेच तेच बोलणे पुन्हा पुन्हा येते, आणि लहान मुलाला पुनरुक्तीचा कंटाळा नसतो. तो आपल्याला असतो. चौथ्या-पाचव्या वेळी कावळ्याचे बोलणे मूलच म्हणू लागते.

नवे शब्द किती असावेत? १९२० च्या दशकात ढाक्यात शिकवणाऱ्या मायकेल वेस्ट यांनी बंगाली मुलांसाठी वाचनपाठ रचताना एक पथ्य पाळले. नवे शब्द थोडे, जुन्यांच्या सोबतीने आणि पुन्हा पुन्हा भेटतील असे. ते आजही शिळे झालेले नाही. एका बैठकीत पाच-सहा नवे शब्द पुष्कळ झाले.

मूल थोडे मोठे, आठ-नऊ वर्षांचे झाले, की गोष्टीबरोबर कामे द्यावीत. १९७९ ते १९८४ या काळात एन. एस. प्रभू यांनी दक्षिणेतील काही शाळांत एक प्रयोग केला. तो बंगळूर प्रकल्प म्हणून जगभर अभ्यासला गेला. व्याकरणाचे धडे बाजूस ठेवून मुलांना नकाशे, वेळापत्रके देण्यात आली आणि त्यांतून उत्तर शोधावयास सांगितले गेले. मन उत्तर शोधण्यात गुंतले, की भाषा तिच्या मागोमाग येते, हे त्यामागचे सूत्र. आपणही रेल्वेचे वेळापत्रक पुढे ठेवून विचारावे : मुंबईला आत्याकडे दुपारी चारच्या आत पोहोचावयाचे, तर ‘विच ट्रेन?’ सुटी जवळ आली असेल, तर याहून उत्तम धडा नाही.

मराठीचे देणे आणि मराठीचे अडसर

आपल्या भाषेने मुलाच्या पदरात काय घातले आहे, हे आईबापांनी जाणून घ्यावे. ‘झू’, ‘झेब्रा’ यांतील इंग्रजी ध्वनी शेजारच्या गुजराती मुलाला पुष्कळदा मुद्दाम शिकवावा लागतो. ‘जग’, ‘जहाज’, ‘माझा’ म्हणणाऱ्या मराठी मुलाची जीभ त्याच्या अगदी जवळ आधीच पोहोचलेली असते. स्नान, स्पर्श, स्वच्छ म्हणणाऱ्याला ‘स्कूल’चे ‘इस्कूल’ करण्याची गरज पडत नाही. ‘व्हॅन’ आणि ‘वॉटर’ हा भेद तर आपण लिहितानाच करतो. तो ओठांनी करून दाखवला की झाले. पहिल्यात वरचे दात खालच्या ओठाला टेकतात, दुसऱ्यात ओठांचा चंबू होतो. आरसा समोर धरला तर हा खेळच होतो.

अडसरही आहेत. मराठीत ‘वाटीत’, ‘वाटीखाली’ असे नाते शब्दाच्या मागे लागते; इंग्रजीत ते पुढे येते. त्यासाठी एक वाटी आणि एक लिंबू पुरे. लिंबू आत टाकावे, खाली लपवावे, शेजारी ठेवावे आणि विचारावे : ‘इन’, ‘अंडर’ की ‘निअर’? आपण वाक्याच्या शेवटी ‘का’ लावतो आणि प्रश्न होतो. इंग्रजीतील ‘डू’ आणि ‘डझ’ची भानगड पाच वर्षांच्या मुलाला समजावून सांगण्यात अर्थ नाही. ‘डू यू वॉन्ट’ हे तीन शब्द एकाच घासात द्यावेत. ‘डू यू वॉन्ट वरण? डू यू वॉन्ट भात?’ असे पानावर रोज विचारले, की महिन्याभरात ते आपोआप तोंडी बसते. अशा मिश्र वाक्यांना भिऊ नये. मुलांचे भाषा मिसळणे म्हणजे गोंधळ नव्हे. हाताशी असेल त्या शब्दाने काम भागवणे आहे.

‘अ’ आणि ‘द’ यांना मराठीत जोड नाही. आमच्या पिढीने तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेतून त्यांचे नियम घोकले आणि तरीही आयुष्यभर अडखळलो. लहान मुलाला नियम देऊ नयेत. नुसते ‘स्पून’ न म्हणता ‘अ स्पून’, ‘द स्पून’ असे म्हणत जावे.

अक्षरे नंतर, चुका सोसून

कानावरून भाषा गेली, जिभेवर थोडी आली, मगच अक्षरे. त्यातही अक्षरांची नावे आधी नकोत, ध्वनी आधी हवेत. ‘सी-ए-टी कॅट’ या घोकंपट्टीत ‘सी’चा ‘क’ कसा झाला हे मुलाला कळतच नाही. ‘क्-अ‍ॅ-ट्’ असे जुळवले तर कळते. आपल्या वर्णमालेत कंठापासून ओठांपर्यंत ध्वनी शिस्तीने मांडलेले आहेत. ती शिकलेल्या मुलाला शब्दातले ध्वनी सुटे करता येतात, आणि इंग्रजी वाचनाला नेमके हेच कौशल्य लागते. म्हणून घरी देवनागरी शिकवल्याने इंग्रजी मागे पडेल, ही भीती व्यर्थ आहे.

चुकांविषयी एक अनुभव. नातू म्हणाला, ‘बाबा गो-एड ऑफिस.’ सूनबाई त्याला थांबवणार, तोच आम्ही म्हणालो, ‘येस, बाबा वेंट टु द ऑफिस.’ आणि विषय पुढे नेला. ‘गो-एड’ हा शब्द त्याने कोणाकडून ऐकलेला नव्हता. भूतकाळाचा नियम त्याने स्वतः शोधून काढला होता! अशी चूक ही प्रगतीची खूण आहे. बरोबर वाक्य सहज कानी घालावे, बोट ठेवू नये. ज्याला प्रत्येक शब्दागणिक थांबवले जाते, ते मूल लौकरच ‘गुड’ म्हणावयास शिकते.

घरातील वाटणी

फ्रेंच भाषापंडित रोंझा यांनी १९१३ साली आपल्या मुलाच्या वाढीवर पुस्तक लिहिले. बाप फ्रेंचमध्ये बोले, आई जर्मनमध्ये, आणि मुलगा दोन्ही भाषांत सहज वाढला. आपल्या घरात एवढी काटेकोर वाटणी शक्य नाही, पण वेळेची वाटणी करता येते. आमच्या घरी आता रात्रीच्या जेवणानंतरची पंधरा मिनिटे इंग्रजीची. बाकी सारा दिवस मराठीचा. त्या पंधरा मिनिटांत मोबाइल बाजूला. पडद्यावरचे चित्र बोलते, पण आपल्या बोलण्याला उत्तर देत नाही. आणि भाषा येते ती उत्तरादाखल.

या पंधरा मिनिटांत एक विद्यार्थिनीही आहे. आमच्या सौभाग्यवती. दिवसभरात शिकलेला एक शब्द नातवाने आजीला शिकवावयाचा, असा नेम आहे. दुसऱ्याला शिकवावयाचे म्हटले की शब्द नीट ऐकावा लागतो, त्याचा अर्थ मराठीत सांगावा लागतो. एका दगडात दोन पक्षी. परवा तो आजीला ‘अंब्रेला’ शिकवत होता. आजी ‘अमरेला’ म्हणत होत्या. त्याने तीनदा सांगून पाहिले, मग मोठ्या समजुतीने म्हणाला, ‘आजी, असू दे. तुला येईल हळूहळू.’

एवढा धीर आपण मोठ्यांनी मुलांना दिला, तरी इंग्रजीचे निम्मे काम झाले असे समजावे. आणि हो, पतंग परवा पुन्हा कडुनिंबात अडकला. ती हकीकत आम्ही पुरी वीस मिनिटे ऐकली, मराठीत. मधूनमधून गुजराती आणि ‘काइट’, ‘ट्री’, ‘हाय’ असे शब्द पेरलेले.